डायनामो उतरवताना

फोर्डचा एफ-१०० हा पिकअप ट्रक १९५५ सालापर्यंत ६ व्होल्टवर चाले. १९५६ मध्ये १२ व्होल्ट आले, तरी चार्जिंगला डायनामोच राहिला. त्याची एक खोड आहे: इंजिन आयडलिंगला असलं की तो जवळजवळ काहीच देत नाही. सिग्नलला थांबलात की हेडलाइट पिवळे पडतात आणि बॅटरी खर्ची पडते. अल्टरनेटर मंद गतीतही बऱ्यापैकी करंट देतो, म्हणून शौकीन मंडळी तो बसवतात.

ब्रॅकेट आणि पट्टा जुळवणं हा किरकोळ भाग. खरी मेख पोलॅरिटीत आहे. ६ व्होल्टच्या एफ-१०० मध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेलं असे. आजच्या बहुतेक अल्टरनेटरना तिथे निगेटिव्ह लागतं. जोडणी उलटी झाली, तर एसीचं डीसी करणारे आतले डायोड क्षणात जळतात. त्यामुळे आधी बॅटरी फिरवायची, १२ व्होल्टची घ्यायची, बल्ब बदलायचे आणि मगच अल्टरनेटर. आत रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर घेतलात, तर जुनी रेग्युलेटरची डबी सर्किटमधून काढावी लागते.

वायरिंगमध्ये काटकसर नको. जुनी चार्जिंग वायर डायनामोच्या बेताची असते. ६० अँपिअरच्या भाराने ती तापून वितळू शकते. जाड वायर टाका, तिला फ्यूज द्या.

ट्रक फक्त प्रदर्शनात उभा करायचा असेल, तर हा खटाटोप करू नका. आणि काढलेला डायनामो भंगारात देऊ नका. गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची झाली, तर तोच लागेल.