उच्चस्तरीय संश्लेषण

उच्चस्तरीय संश्लेषण म्हणजे 'सी'सारख्या उच्चस्तरीय भाषेतील संगणक आज्ञावलीचे इलेक्ट्रॉनिक परिपथाच्या आराखड्यात रूपांतर करण्याची प्रक्रिया होय. तिला हाय-लेव्हल सिंथेसिस किंवा एचएलएस असेही म्हणतात. हा आराखडा एफपीजीए या पुनर्रचनाक्षम चिपवर उतरवता येतो. महाराष्ट्रात या विषयावर मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत उल्लेखनीय काम झाले आहे.

पार्श्वभूमी

एफपीजीएमधील तर्क-घटक आणि त्यांच्यातील जोडण्या चिप कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरही बदलता येतात. झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये आणलेल्या पहिल्या व्यावसायिक एफपीजीएमध्ये असे ६४ तर्क-घटक होते. एरवी हा परिपथ व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग या हार्डवेअर-वर्णन भाषांत लिहावा लागतो. त्यासाठी घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला काय घडेल याचा विचार करावा लागत असल्याने ते काम वेळखाऊ ठरते.

कार्यपद्धती

आज्ञावलीत क्रिया एकामागून एक लिहिलेल्या असतात. परिपथात मात्र सर्व घटक एकाच वेळी हजर असतात. त्यामुळे कोणती क्रिया कोणत्या क्रियेवर अवलंबून आहे, हे कंपायलर प्रथम शोधतो. उदा., (क × ख) + (ग × घ) या राशीतील दोन गुणाकार परस्परांवर अवलंबून नाहीत. दोन गुणक वापरल्यास ते एकदम होतात. एकच गुणक ठेवल्यास चिपवरील जागा वाचते, पण वेळ वाढतो. बेरजेला मात्र दोन्ही उत्तरांची वाट पाहावीच लागते.

मर्यादा

प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या उत्तरावर अवलंबून असेल, तर परिपथ केल्याने वेग फारसा वाढत नाही. स्वतःलाच पुन्हा बोलावणारी फलने आणि आज्ञावली चालू असताना मागितली जाणारी स्मृती यांचे रूपांतरही कठीण असते.

अहिर आणि अजित

पवई येथील संस्थेतील माधव देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'अहिर' ही मध्यस्थ मांडणी सादर केली. तीत आज्ञावलीचे नियंत्रण, विदा आणि साठवण असे तीन स्वतंत्र भाग होतात. नियंत्रण भाग विदा भागाकडे क्रियेची विनंती पाठवतो आणि पोच मिळाल्यावरच त्यापुढील क्रिया सुरू करतो. त्यामुळे एखाद्या क्रियेला कितीही वेळ लागला, तरी आज्ञावलीचा मूळ अर्थ बिघडत नाही.

याच साधनसंचाच्या पुढील आवृत्तीतून संस्थेचा 'अजित' हा ३२ बिटांचा, स्पार्क व्ही८ आज्ञासंच वापरणारा मायक्रोप्रोसेसर तयार झाला. तो एफपीजीएवर चालवता येतो. त्याची १८० नॅनोमीटर तंत्रज्ञानाची चिप मोहाली येथील सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत घडवण्यात आली.