अडखळती वाणी, अस्खलित लेखणी : मिसेस इंचबाल्ड

वर्गांत उत्तर देतांना एखादा विद्यार्थी अडखळला कीं मागच्या बांकांवर हंशा पिकतो, आणि तो बिचारा पुन्हां तोंड उघडण्यास धजत नाहीं. अशा विद्यार्थ्यानें, व त्याला हंसणाऱ्यांनींहि, एका इंग्रज स्त्रीचें चरित्र अवश्य समजून घ्यावें. लहानपणापासून जिची वाणी अडखळत असे, तिनें रंगभूमीवर बोलण्याचाच व्यवसाय पत्करला. आणि तेथें जो मान मिळाला नाहीं तो पुढें लेखणीच्या बळावर मिळविला. तिचें नांव एलिझाबेथ इंचबाल्ड.

तिचा जन्म इ. स. १७५३ मध्यें इंग्लंडांतील सफोक परगण्यांत, स्टॅनिंगफील्ड या खेड्यांत, एका रोमन कॅथलिक शेतकऱ्याच्या घरीं झाला. भाऊ सात वर्षें शाळेंत जाऊनहि त्याला शुद्ध लिहितां आलें नाहीं, आणि आम्हां बहिणींना मात्र कोणी न शिकवितां तें साधलें, असें तिनें नमूद करून ठेविलें आहे. नाटकाची तिला विलक्षण ओढ होती. १७७२ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, ती घरीं न सांगतां लंडनला निघून गेली. त्याच वर्षीं जोसेफ इंचबाल्ड या वयानें बऱ्याच मोठ्या असलेल्या नटाशीं तिचा विवाह झाला. सप्टेंबर महिन्यांत ब्रिस्टल येथें शेक्सपियरच्या ‘किंग लिअर’ नाटकांत पतीनें वृद्ध राजाची व तिनें त्याची कन्या कॉर्डेलिया हिची भूमिका केली. हें तिचें रंगभूमीवरील पहिलें पाऊल होय.

तोतरेपणावर तिनें एक साधा उपाय योजिला होता. जे शब्द जिभेवर अडत, ते ती कागदावर उतरून काढी आणि तो कागद सदैव जवळ बाळगी. पाठ केलेलें भाषण ठरलेल्या लयींत म्हणतांना अडखळणें पुष्कळ कमी होतें, हा तोतऱ्या माणसांचा नेहमींचा अनुभव आहे. त्याचाच तिला आधार मिळाला. तरीहि ती पहिल्या प्रतीची नटी कधींच झाली नाहीं. पतीबरोबर ती स्कॉटलंडांत व इंग्लंडच्या गांवोगांवीं हिंडली. १७७६ सालीं फ्रान्सहून परततांना तर एके दिवशीं जेवणाऐवजीं शेतांतील सलगम खाऊन दोघांना भूक भागवावी लागली. पुढें १७७९ मध्यें जोसेफ अकस्मात् वारला. पंचविशींतच विधवा झालेली ही स्त्री दुसऱ्या वर्षीं लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहांत किरकोळ भूमिका करूं लागली.

भूमिकांची तयारी चालू असतांच ती नाटकें लिहीत होती. जॉर्ज कोलमन या नाट्यगृहचालकाकडे तिचें एक नाटक कित्येक दिवस न वाचतां पडून होतें. अखेर १७८४ सालीं त्यानें तिचें ‘द मोगल टेल’ हें प्रहसन शंभर गिनी देऊन घेतलें व हेमार्केट नाट्यगृहांत रंगविलें. आदल्या वर्षीं फ्रान्समध्यें माणसें विमानगोलांत बसून आकाशांत गेलीं होतीं. त्याचाच उपयोग करून तिनें तीन इंग्रजांचा विमानगोल थेट मोगल बादशहाच्या अंतःपुराच्या बागेंत उतरविला! बादशहा त्यांना प्रथम खूप भेवडावतो, परंतु शेवटीं सोडून देतो. तुमच्या देशबांधवांनीं हिंदु लोकांवर केलेलें क्रौर्य पाहून मला जुलमाचा वीट आला, म्हणून मीं दयाळू व्हावयाचें ठरविलें, असें तो सांगतो. लंडनच्या प्रेक्षकांना हंसवितां हंसवितां त्यांच्याच राज्यकर्त्यांचा दोष दाखविण्यास केवढें धैर्य लागलें असेल! त्या पहिल्या प्रयोगांत ती स्वतः भूमिका करीत होती. आपलें नाटक पडेल या भीतीनें तिची वाणी ऐन वेळीं अडली; परंतु नाटक मात्र यशस्वी झालें. मग कोलमननें तें पडून राहिलेलें नाटकहि काढून वाचलें आणि १७८५ मध्यें तें रंगभूमीवर आलें.

१७८७ च्या ‘सच थिंग्ज आर’ या नाटकांत तिनें तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड याच्यावरून एक सज्जन पात्र रेखाटलें. १७८९ मध्यें तिनें अभिनय सोडला, आणि १७९१ सालीं ‘ए सिंपल स्टोरी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. या कादंबरींतील पात्रें पुष्कळदां मनांतलें बोलत नाहींत. हाताच्या एखाद्या हालचालीनें, क्षणभराच्या मौनानें तें प्रकट होतें. शब्द अडले असतां देहानें कसें बोलावें, हें ती रंगभूमीवरच शिकली असली पाहिजे. पुढें १७९६ त ‘नेचर अँड आर्ट’ ही दुसरी कादंबरी निघाली. १७९८ चें तिचें ‘लव्हर्स व्हाउज’ हें जर्मनवरून केलेलें नाटक इतकें गाजलें कीं जेन ऑस्टेननें ‘मॅन्सफील्ड पार्क’ कादंबरींतील तरुणांना त्याचीच तालीम करावयास लाविलें आहे.

पैसा मिळूं लागल्यावरहि तिची राहणी अत्यंत साधी होती. आपल्या खोलींत थंडीनें रडूं येई, तेव्हां आजारी बहिणीला तरी शेकोटीसाठीं उठावें लागत नाहीं, या विचारानें ती समाधान मानी. कारण त्या बहिणीचा खर्च हीच चालवीत होती. १८२१ सालीं ती निवर्तली.

बालमित्रहो, मिसेस इंचबाल्डचा तोतरेपणा मुळापासून गेला नाहीं. परंतु तो जाण्याची वाट पाहत ती बसली नाहीं. ज्याला जें सहज साधत नाहीं त्यानें त्या अडलेल्या शब्दांचा कागद खिशांत घेऊन पुढें चालावें. आणि इतरांनीं त्याच्या शब्दाची जरा वाट पाहावी. हंसण्यापेक्षां तें अधिक शोभतें.