पाटी बदलते, आकडा राहतो

एका वाचकाचा प्रश्न आहे. हल्ली काही पुस्तकांत ‘इ.स.’ऐवजी ‘सा.यु.’, म्हणजे सामान्य युग, असं छापतात. ते जास्त वैज्ञानिक आहे का?

वैज्ञानिक नाही. वाईटही नाही. ‘इसवी’ म्हणजे ईसाचा. ईसा हे येशूचं अरबी नाव आणि ‘सन’ हा शब्दही अरबीच. ती पाटी काढून दुसरी लावली तरी आतला आकडा तोच राहतो. आणि तो आकडा आला एका चर्चच्या कामातून.

सहाव्या शतकात रोममध्ये डायोनिसियस नावाचा एक साधू होता. स्वतःला तो ‘एक्झिगुअस’, म्हणजे लहानखुरा, म्हणवून घेई. इ.स. ५२५मध्ये तो ईस्टरचं कोष्टक पुढे वाढवायला बसला. ईस्टर रविवारी यायला हवा, तोही वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेच्या पुढचा. म्हणजे चंद्र, सूर्य आणि वार या तिघांची मोट बांधायची. चंद्र-सूर्याचा मेळ १९ वर्षांनी बसतो. आपल्याकडे १९ वर्षांत साधारण ७ अधिकमास येतात ते याच मेळामुळे. वारांचं चक्र २८ वर्षांचं. दोन्हींचा गुणाकार ५३२.

त्याच्या हाताशी अलेक्झांड्रियाच्या पद्धतीचं कोष्टक होतं. त्यातली वर्षं मोजली होती डायोक्लेशियन या रोमन सम्राटाच्या राज्यारोहणापासून, आणि डायोक्लेशियन म्हणजे ख्रिस्त्यांचा भयंकर छळ करणारा राजा. येशूच्या पुनरुत्थानाचा सण काढायचा आणि वर्ष लिहायचं त्या छळवाद्याचं! साधूला ते पटेना. म्हणून डायोक्लेशियनच्या २४७व्या वर्षानंतर कोष्टकाची पुढची ओळ त्याने येशूच्या अवतारापासून ५३२वं वर्ष म्हणून लिहिली. हा आकडा कुठून काढला, ते त्याने सांगितलं नाही. तो नेमका ५३२च निघाला हा योगायोग असेल, नसेलही. हेरोद राजा बहुतेक इतिहासकारांच्या मते इ.स.पू. ४मध्ये वारला आणि बायबलप्रमाणे येशू जन्मला तेव्हा तो जिवंत होता. म्हणजे येशूचा जन्म ‘येशूपूर्व’ काळातच झाला म्हणायचा.

मला गंमत वाटते ती इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्त्यांची. डायोक्लेशियनच्या छळाची झळ त्यांना भरपूर लागली होती, पण त्यांनी आकड्याला हात लावला नाही. इ.स. २८४पासूनची तीच गणना त्यांनी चालू ठेवली, फक्त तिला नाव दिलं ‘हुतात्म्यांचा शक’. ते चर्च आजही तोच शक वापरतं. मारणाऱ्याच्या नावाची गणना मेलेल्यांच्या नावावर झाली.

आपल्याकडे तरी दुसरं काय झालं? इ.स. ७८पासूनची गणना जुन्या लेखांत शक राजांचा काळ म्हणून येते. शालिवाहनाचं नाव तिला कित्येक शतकांनंतर चिकटलं, आणि परंपरा तर म्हणते की पैठणच्या शालिवाहनाने शकांचा पराभव केला. हरलेल्याची पाटी उतरून जिंकणाऱ्याची लागली. आकडा एकानेही हलला नाही. हलणार कसा? ज्योतिष्यांची सगळी गणितं आणि ताम्रपटांतल्या मित्या त्याच्यावर टांगलेल्या.

‘सामान्य युग’ हे तरी कुठे नवं आहे! श्रद्धाळू ख्रिस्ती असलेल्या खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६१५च्या आपल्या लॅटिन पुस्तकात ‘लोकांत रूढ असलेला आपला शक’ अशा अर्थाचे शब्द वापरलेत. येशूचा जन्म काही वर्षं आधीचा, हे त्याला ठाऊक होतं. त्यामुळे गणनेला लोकांची म्हणणं हा त्याच्या परीने नेमकेपणाच होता.

विज्ञानाला अडचण झाली ती नावाची नव्हे, शून्याची. इ.स.पू. १ संपलं की थेट इ.स. १ सुरू होतं. मध्ये काही नाही. डायोनिसियसच्या त्याच कोष्टकात चंद्राच्या वयाच्या रकान्यात ‘नुल्ला’, म्हणजे ‘काही नाही’, असा शब्द आहे! शेजारच्या रकान्यात शून्य बसलेलं असून वर्षांच्या रकान्यात मात्र त्याला जागा मिळाली नाही. एकविसावं शतक २००१मध्ये सुरू झालं आणि आपण फटाके वर्षभर आधीच उडवले, ते यामुळेच.

आपल्या पंचांगाला ही अडचण फारशी पडली नाही, कारण शके मोजतात ते बहुधा सरलेल्या वर्षांचे. शके १९४७ म्हणजे १९४७ वर्षं संपली आणि पुढचं चालू आहे. बाळाचं पहिलं वर्ष पुरं झाल्यावरच पहिला वाढदिवस येतो, तसंच हे. या मोजणीत आरंभीच्या वर्षाला शून्य आपोआप मिळतं.

युरोपात ते शिरलं खगोलशास्त्रज्ञांच्या दारातून. केप्लरने १६२७च्या कोष्टकांत ‘ख्रिस्तपूर्व’ आणि ‘ख्रिस्तोत्तर’ यांच्या मध्ये एक वर्ष घातलं आणि त्यावर नुसतं ‘ख्रिस्ताचं’ असं लिहिलं. त्या जागी सरळ ० हा आकडा मांडला तो पॅरिसच्या झाक कासिनीने, १७४०मध्ये. शनीच्या कड्यातल्या फटीमुळे प्रसिद्ध झालेल्या कासिनीचा हा मुलगा. बापाचं नाव आकाशात राहिलं, मुलाचं शून्य सगळे वापरतात आणि त्याचं नाव कुणी घेत नाही.

तेव्हा वाचकहो, इ.स. लिहा नाहीतर सा.यु. लिहा. फक्त इ.स.पूर्व काळातल्या ग्रहणाचं गणित करायचं असेल तर एक वजा करायला विसरू नका. ग्रीक तत्त्वज्ञ थेलीसच्या नावाशी जोडलेलं इ.स.पू. ५८५चं सूर्यग्रहण नासाच्या यादीत शोधायचं, तर ते उणे ५८४ या वर्षाखाली सापडेल.