वितरित डेटाबेसमध्ये प्रचंड माहितीसंचाचे घाऊक भरण : एचबेसच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
माहितीचा साठा एका संगणकात मावेनासा झाला, तेव्हा तो अनेक संगणकांवर विभागून ठेवणारे वितरित डेटाबेस उदयास आले. गूगलने २००६ मध्ये ‘बिगटेबल’ या प्रणालीची रचना शोधनिबंधाद्वारे मांडली. तिच्याच धर्तीवर ‘एचबेस’ ही मुक्तस्रोत प्रणाली विकसित झाली. अशा प्रणालीत कोट्यवधी नोंदी एकदम कशा भराव्यात, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

नेहमीची पद्धत :
एचबेसमधील तक्ता ‘रो-की’च्या क्रमाने ‘रीजन’ नामक भागांत विभागलेला असतो आणि प्रत्येक रीजन एका सर्व्हरकडे सोपविलेला असतो. नवी नोंद प्रथम लॉगमध्ये लिहिली जाते व मेमरीत ठेवली जाते. मेमरीतील साठा ठरावीक मर्यादेस पोहोचला की तो ‘एचफाईल’च्या रूपाने डिस्कवर उतरतो. पुढे लहान फाईल्स एकत्र करून पुन्हा लिहाव्या लागतात. अशा रीतीने एकच नोंद अनेकदा लिहिली जाते. दैनंदिन व्यवहारास हे योग्यच आहे. परंतु कोट्यवधी नोंदी याच मार्गाने पाठविल्यास सर्व्हरवर ताण येऊन इतरांची कामेही रखडतात.

घाऊक भरणाचे टप्पे :
१) मॅपरिड्यूससारख्या समांतर प्रक्रियेने नोंदी रीजनच्या सीमांनुसार वाटून, क्रमाने लावून, एचफाईल्स थेट तयार केल्या जातात.
२) तयार फाईल्स संबंधित रीजनकडे सुपूर्द केल्या जातात. फाईल-प्रणाली एकच असल्यास त्या केवळ हलविल्या जातात.
ग्रंथालयात पुस्तके वर्गांकानुसार आधीच लावून घेतली, तर कपाटे भरण्यास वेळ लागत नाही, तसेच हे आहे.

दक्षता :
नवा तक्ता मूलतः एकाच रीजनचा असतो. तो आधी विभागला नाही तर पहिल्या टप्प्याचे समांतर काम एकाच ठिकाणी तुंबते. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. या पद्धतीत लॉग वगळला जातो. त्यामुळे लॉगवर आधारलेल्या प्रतिकृतीत ही माहिती, स्वतंत्र व्यवस्था केल्याशिवाय, पोहोचत नाही. मूळ तक्ता परिपूर्ण दिसतो, पण संकटसमयी ज्या प्रतीवर विसंबावयाचे तीच अपुरी निघते.

निष्कर्ष :
घाऊक भरणामुळे वेळ व साधने वाचतात; मात्र पडताळणीची जबाबदारी वापरकर्त्यावर येते. म्हणून भरणानंतर मूळ तक्ता व प्रतिकृती या दोहोंतील नोंदींची मोजदाद करावी आणि ती जुळेपर्यंत मूळ फाईल्स नष्ट करू नयेत.