प्रतिध्वनीची पारख

माथेरानच्या एको पॉइंटवर उभे राहून आपलेच नाव ज्याने कधी दरीत टाकले नाही, असा मुंबईकर विरळाच. हाक परत येते ती थोडी उशिरा, थोडी मंद आणि थोडी धूसर होऊन. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे ३०० मिलिसेकंदांनी परतलेली हाक साधारण ५१ मीटरवरच्या कड्याला स्पर्श करून आलेली असते, असे गणिताने सांगता येते. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे आपल्या पायाशी जी वीतभर पेटी ठेवतात आणि जिला ‘डिले पेडल’ म्हणतात, ती हा कडा घरात आणून देते. वाजवलेला स्वर ती ठरावीक वेळ रोखून धरते आणि मग पुन्हा ऐकवते.

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत आपल्या अनेक घरांत आता गिटार आली आहे, आणि गिटारीमागोमाग या पेट्यांची मागणीही. घाटकोपरमधील माझ्या परिचयाच्या एका व्यापारी गृहस्थांचा मुलगा दिवसभर वडिलांसोबत भांड्यांच्या दुकानात बसतो. रात्री नऊ ते दहा हा एक तास तेवढा त्याचा स्वतःचा. त्या तासासाठी त्याने पाच आकडी किमतीची, ‘विंटेज’ आवाजाची डिले पेटी मागितली. वडील मला म्हणाले, “साहेब, तुम्ही जन्मभर कर्जाची प्रकरणे तपासलीत. एवढ्याशा डबीला एवढे पैसे? त्यातही जुना आवाज! आमच्याकडे जुन्या मालाला मोडीचा भाव मिळतो.”

प्रश्न रास्त होता. मुलाची हौस मोडावी असे त्यांना वाटत नव्हते; पण कळत नसलेल्या वस्तूवर डोळे मिटून पैसे घालणे त्यांच्या रक्तात नव्हते. अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. मागणी उडवून लावली जाते आणि मुलगा तो विषय घरात पुन्हा काढत नाही. किंवा लाडापोटी सर्वांत महाग वस्तू आणली जाते आणि सहा महिन्यांत ती कपाटात जाते. दोन्ही टाळायचे, तर मालाची पारख आली पाहिजे.

जुना आवाज म्हणजे नेमके काय?

सुरुवातीचे प्रतिध्वनी-यंत्र चुंबकीय फितीवर चालत असे. एका शीर्षाने स्वर फितीवर उमटवायचा, फीत पुढे सरकली की दुसऱ्या शीर्षाने तो वाचायचा. दोन शीर्षांमधले अंतर आणि फितीचा वेग यांवर उशीर ठरे. अमेरिकेतील ‘एकोप्लेक्स’ आणि जपानच्या रोलँड कंपनीने १९७४ साली आणलेले ‘स्पेस एको आरई-२०१’ ही या घराण्यातील नामांकित यंत्रे. आरई-२०१ मध्ये वाचणारी तीन शीर्षे होती आणि जोडीला स्प्रिंगचा घुमारा. फीत झिजे, किंचित डळमळे, स्वर बारीकसा थरथरे आणि प्रत्येक आवर्तनात त्याची धार बोथट होत जाई.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत दुसरी युक्ती निघाली. आग विझवताना माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसा विद्युतभार एका सूक्ष्म कपॅसिटरकडून दुसऱ्याकडे सरकवायचा. या चिपचे नावच ‘बकेट ब्रिगेड’ पडले. बादल्यांची संख्या ठरलेली असते. उशीर वाढवायचा, तर त्या सावकाश सरकवाव्या लागतात. तसे केले की आवाजातले वरचे, चमकदार स्वर गाळून टाकावे लागतात. म्हणून अशा पेटीत उशीर जितका मोठा, तितका प्रतिध्वनी अंधुक. बॉस कंपनीची १९८१ ची ‘डीएम-२’ याच पद्धतीची; तिचा कमाल उशीर ३०० मिलिसेकंद.

१९८३ साली याच कंपनीने ‘डीडी-२’ ही डिजिटल पेटी आणली आणि प्रतिध्वनी मूळ स्वराइतका स्वच्छ झाला. गंमत अशी की, हा स्वच्छपणा मिळाल्यावर लोकांना जुन्या अंधुकपणाची किंमत कळली. स्वच्छ प्रतिध्वनी मूळ स्वराशी स्पर्धा करतो. अंधुक प्रतिध्वनी त्याच्या मागे अदबीने उभा राहतो. ‘विंटेज’ म्हणून आज जे विकले जाते, ते हे मागे उभे राहणे. माल जुना असण्याची त्यासाठी गरज नसते.

यंत्र कुठले, यापेक्षा कान काय म्हणतो

यंत्राच्या आवाजाला हात घालणे हे व्यापारी घरांना परके आहे, असेही नाही. कच्छमधून मुंबईत येऊन किराणा दुकान चालवणारे वीरजी शहा यांचे पुत्र कल्याणजी यांनी १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटासाठी क्लेव्हिओलिन हे विजेवरचे वाद्य वाजवले. संगीतकार होते हेमंत कुमार. वाद्य फ्रान्समध्ये जन्मलेले. पण देशभरच्या श्रोत्यांनी त्यातून गारुड्याची बीन ऐकली. यंत्र कोणत्या देशाचे आणि त्यावर कोणते लेबल, हे कोणी विचारले नाही. पुढे धाकटे बंधू आनंदजी यांच्यासह त्यांनी संगीतकार म्हणून केवढे नाव मिळवले, ते सर्वश्रुत आहे.

खरेदीचा पहिला धडा इथेच मिळतो. आज बाजारात तीन प्रकारचा माल आहे. पहिला, खरोखर बकेट ब्रिगेड चिपवर चालणारा. उदाहरणार्थ एमएक्सआरची ‘कार्बन कॉपी’, जिचा कमाल उशीर ६०० मिलिसेकंद आहे, किंवा बॉसने २०१४ साली नव्याने काढलेली ‘डीएम-२डब्ल्यू’, जी दुसऱ्या पद्धतीवर ८०० मिलिसेकंदांपर्यंत जाते. दुसरा, आतून डिजिटल पण फितीच्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा. स्ट्रायमनची ‘एल कॅपिस्तान’ किंवा बॉसची ‘आरई-२०२’ या वर्गातल्या. तिसरा, चार आकडी किमतीच्या छोट्या डिजिटल पेट्यांचा, ज्यांत ‘ॲनालॉग’ किंवा ‘टेप’ अशी एक कळ दिलेली असते. यांपैकी कोणताही प्रकार निषिद्ध नाही. मात्र कोणता आपल्याला हवा, हे डबीवर छापलेल्या शब्दांवरून कळत नाही.

दुकानात करावयाची परीक्षा

धोबी तलावला १८६५ पासून फुर्ताडोज आहे. पश्चिम उपनगरांतून मरीन लाइन्सला आणि मुलुंड-घाटकोपरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून तिथे पोहोचता येते. दुकान कोणतेही असो, जाताना आपली गिटार सोबत न्यावी. दुकानातल्या उंची गिटारीवर सगळेच गोड वाजते.

प्रथम मिश्रणाचे बटण मध्यावर ठेवून एकच तुटक स्वर वाजवावा आणि तिसरा-चौथा प्रतिध्वनी ऐकावा. तो क्रमाक्रमाने मऊ होत गेला पाहिजे. नुसता हळू होत गेला, तर ती जुनी चाल नव्हे. मग उशीर कमाल पातळीवर न्यावा आणि स्वरामागे शिट्टीसारखा आवाज किंवा खरखर येते का, ते पाहावे. थोडी खरखर या घराण्याला शोभते. शिट्टी शोभत नाही. नंतर आवाज लहान ठेवून आवर्तनांचे बटण वाढवत न्यावे. एका बिंदूनंतर प्रतिध्वनी स्वतःवरच चढू लागतो. ही चढण हळूहळू आली तर यंत्र हाताळण्याजोगे आहे. अखेरीस पेटी बंद करून साधा स्वर ऐकावा. पेटी जोडल्यामुळे तो मलूल होत असेल, तर तो तोटा रोजचाच होईल.

किती मिलिसेकंदांची पेटी हवी, हे साध्या भागाकाराने निघते. मिनिटाला जितके ठोके, त्याने ६०,००० ला भागावे. १२० ठोक्यांच्या गाण्यात एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद पडतात. पाऊण ठोक्याचा प्रतिध्वनी हवा असेल, तर ३७५. जुन्या रॉक अँड रोलमधला टपकन परतणारा प्रतिध्वनी शंभराच्या आसपासच असतो. ज्याला तेवढाच हवा, त्याने ८०० मिलिसेकंदांचे पैसे का मोजावेत?

आमच्या परिचितांनी हेच केले. मुलाने तीन पेट्या आळीपाळीने वाजवल्या आणि वडील पाठ करून बसले. किमती कोणी सांगायच्या नाहीत, असे ठरले होते. ज्यांनी उभ्या आयुष्यात गिटार हातात धरली नाही, ते गृहस्थ तिसऱ्या फेरीला म्हणाले, “दुसरी घे. तिच्यात तुझी बोटे ऐकू येतात; बाकीच्यांत मशीन ऐकू येते.” ताट वाजवून पितळ ओळखणारा कान तो! ती पेटी मधल्या किमतीची निघाली. मुलाला पेटी मिळालीच; शिवाय वडिलांनी आपले वाजवणे तासभर लक्ष देऊन ऐकले, हे त्याने मला स्वतंत्रपणे सांगितले.

व्यवहाराच्या चार गोष्टी

पेटीला वीज किती लागते, ते आधी वाचावे. बहुतेक पेट्यांना ९ व्होल्ट डीसी लागते आणि पिनेचा मध्यबिंदू ऋण असतो. कार्बन कॉपीसारख्या पेटीला सुमारे २६ मिलिअँपिअर पुरतात. एल कॅपिस्तानला किमान २५० लागतात. चुकीचा किंवा हलका अ‍ॅडॉप्टर लावला, तर घूं असा आवाज येतो किंवा पेटी कायमची जाते. कोणी जपानहून खरे जुने फितीचे यंत्र आणून देतो म्हणाला, तर ते तिथल्या १०० व्होल्टवर चालणारे असू शकते; आपल्या २३० व्होल्टसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल. शिवाय फीत बदलणारा आणि शीर्षे साफ करणारा कारागीर आपल्या माहितीत आहे का, हेही पाहावे. मुंबईचा पावसाळा फितीला आणि लोखंडाला सारखाच जाचक आहे.

पक्की पावती घ्यावी आणि हमी भारतातील अधिकृत वितरकाची आहे का, हे तिच्यावर लिहून घ्यावे. बिनपावतीच्या मालात वाचलेला पैसा पहिल्याच दुरुस्तीत जातो. वापरलेली पेटी घ्यायची असेल, तर सगळी बटणे फिरवून आणि पायाची कळ वीस वेळा दाबून पाहावी. आणि सोसायटीत रात्री सराव करायचा असेल, तर हेडफोनची सोय असलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायर आधी घ्यावा, पेटी मागाहून. नाहीतर गिटारीचा प्रतिध्वनी विरण्यापूर्वी शेजाऱ्यांचा दारावर येईल.

घरातल्या मुलाने किंवा मुलीने अशी काही मागणी केली, तर ‘किती रुपये?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. पण तो दुसरा असावा. पहिला प्रश्न असा असावा : “तुला कसा आवाज हवा आहे, ते मला ऐकवशील?”