अंधारात उंच का?

घटस्थापनेला देवघरात पेरलेला गहू दसऱ्यापर्यंत तरारून वर येतो, पिवळट, लवलवता. उन्हातलं त्याच वयाचं रोप मात्र ठेंगणं आणि हिरवंगार. उजेड कमी तिथे वाढ जास्त, हा उलटा न्याय वाटतो. पण कोंबाला अंधाराचा अर्थ एकच कळतो: आपण अजून मातीखाली आहोत. दाण्यातला अन्नसाठा संपायच्या आत वर पोहोचायचं, तर पानं पसरण्यात तो उधळून कसं चालेल? हरितद्रव्यही उजेडाशिवाय पुरतं तयार होत नाही.

थोडक्यात, लांब होणं हा कोंबाचा मूळ स्वभाव आणि उजेड हा त्यावरचा ब्रेक.

मोहरीच्या कुळातल्या अरबिडॉप्सिस या इवल्या रोपावर हे सगळं बारकाईने तपासलं गेलंय. त्याच्या कोवळ्या देठात पेशींची संख्या जवळपास वाढतच नाही. आहेत त्याच पेशी ताणल्या जातात. ताणण्याचा हुकूम सोडतात ‘पिफ’ नावाची प्रथिनं. तांबडा प्रकाश पडला की फायटोक्रोम हे रंगद्रव्य जागं होतं आणि काही मिनिटांत पिफचा निकाल लावतं. उरलेल्या पिफना ‘डेला’ प्रथिनं जखडून ठेवतात. या डेलाचा काटा काढतं ते जिबरेलिन, म्हणजे आपल्या द्राक्षबागायतदारांचं ‘जीए’. अंधारात डेला टिकत नाही, पिफ मोकळे सुटतात.

जिबरेलिनचा माग लागला तो भाताच्या रोगातून. रोगट रोपं बेसुमार उंच होऊन कोलमडत. बुरशीतून पाझरणारं रसायनच हे घडवतं, असं एइइची कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने 1926 मध्ये दाखवलं.

पुढची गंमत मला जास्त मोलाची वाटते. 1966 मध्ये भारताने मेक्सिकोहून 18,000 टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं. त्याचा बुटकेपणा ‘नोरिन 10’ या जपानी वाणाकडून आलेला. तो नेमका कशामुळे, हे 1999 मध्ये उलगडलं: या गव्हातलं डेला बदललेलं असतं, जिबरेलिनला ते दाद देत नाही. खत भरपूर घातलं तरी ताट आडवं पडत नाही, ते त्यामुळे.

मात्र याची किंमत पेरणीतच मोजावी लागते. ब्रेक कोंबालाही लागतो, त्याचं आवरण आखूड राहतं. म्हणून बुटका गहू पाचेक सेंटिमीटरवरच पेरायचा. ओल खाली गेलीय म्हणून दाणा खोल सोडला, तर बरेचसे कोंब वर येतच नाहीत.