धाप आणि घाम : श्वानाच्या उष्णतानियमनाविषयी

‘धापा टाकणे’ हा वाक्प्रयोग मराठीत माणसाविषयी व कुत्र्याविषयी सारखाच योजला जातो. त्यामागील शरीरव्यापार मात्र भिन्न आहेत. श्रमलेल्या माणसाची धाप प्राणवायूची वाढलेली गरज भागविते. उन्हाने तापलेल्या कुत्र्याची धाप मुख्यत्वे घामाचे कार्य करते. कुत्र्याला घाम येतो तो प्रायः पंजांच्या तळव्यांना, आणि तो अपुरा पडतो. म्हणून जीभ, तोंड व नाक यांतील ओलाव्याच्या बाष्पीभवनानेच त्याचे शरीर निवते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते.

या व्यापारास पाणी आणि कोरडी, खेळती हवा ही दोन्ही आवश्यक होत. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचे रिते भांडे घातक ठरते. कोकणच्या दमट हवेत भांडे भरलेले असूनही धोका उरतोच, कारण तेथे बाष्पीभवन मंदावते. बंद मोटारीत तर उष्णता व आर्द्रता दोन्ही वाढतात. पग, बुलडॉग अशा आखूड नाकाच्या जातींना धोका अधिक.

निरोगी कुत्र्याचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. उन्हाने ते ४१ अंशांवर गेल्यास उष्माघात संभवतो. अशा वेळी त्यास सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतावे, वारा घालावा व त्वरित पशुवैद्याकडे न्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये. ते श्वासमार्गात जाते. माणसाची धाप ओसरली की तो सावरला असे आपण मानतो. तापलेला कुत्रा निपचित पडून त्याची धाप थांबली, तर ते मात्र संकटाचेच लक्षण होय.